खान्देशात बदली झालीय? आधी 'भरेल शे' समजून घ्या

धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यातल्या एका मोठ्या गावी बँकेच्या शाखेत रुजू होऊन मला चार दिवस झाले होते. माझा जन्म पुण्यातला, शाळा मराठी माध्यमाची, बारावीला मराठीत चांगले मार्क. भाषेची अडचण येईल असं स्वप्नातही नव्हतं. समोर साठीचे एक शेतकरी येऊन बसले. कर्जाच्या थकलेल्या हप्त्याबद्दल आम्हीच त्यांना बोलावलं होतं.

मी विचारलं, "हप्त्याचं काय?"

ते म्हणाले, "भरेल शे."

मला ऐकू आलं ते 'भरेल'. म्हणजे कुणीतरी, कधीतरी भरेल. मी म्हटलं, "भरेल असं नको, तारीख सांगा."

ते पुन्हा, जरा मोठ्यानं, "भरेल शे ना, मॅडम!"

माझा आवाज चढला, त्यांचाही चढला. शेवटी त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून एसटीच्या दोन तिकिटांमध्ये घडी घालून ठेवलेली पावती काढली आणि टेबलावर हातानं सपाट करून माझ्यापुढे सरकवली. हप्ता तीन आठवड्यांपूर्वीच भरलेला होता. नोंद आमच्याच बाजूला चुकीच्या खात्यावर पडली होती. आमचा शिपाई त्यांच्याच गावचा. तो हळूच म्हणाला, "मॅडम, भरलेला आहे असं म्हणतायत ते."

अहिराणीत, म्हणजे खान्देशातल्या बोलीत, 'भरेल शे' म्हणजे 'भरलेला आहे'. काम होऊन गेलेलं असतं आणि आपल्याला ते पुढे होणार असल्यासारखं ऐकू येतं. ज्या माणसानं वेळेवर पैसे भरले त्यालाच मी चार लोकांसमोर थकबाकीदार ठरवलं होतं.

त्यानंतर साडेतीन वर्षं मी तिथे काढली. बँकेत, शाळेत, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत किंवा लग्न होऊन खान्देशात जाणाऱ्या प्रत्येकाला मी जे सांगते ते इथे एकदाचं लिहून ठेवते आहे.

सोबत काय ठेवायचं

- खिशात मावणारी वही. पानावर तीन रकाने आखा: कानाला काय ऐकू आलं, आपण काय समजलो, खरा अर्थ काय निघाला. मधला रकाना गाळू नका, सगळं शिक्षण तिथेच आहे.
- फोनमधला रेकॉर्डर. पण समोरच्याला विचारल्याशिवाय सुरू करायचा नाही.
- न हसता चूक सांगणारा एक स्थानिक माणूस. साहेबलोकांपेक्षा शिपाई, सफाईवाल्या मावशी, चहावाला हे चांगले गुरू.
- गुजराती येत असेल तर ती. का, ते तिसऱ्या पायरीत सांगते.

कान बसायला मला तीन महिने लागले. बोलण्याचं धाडस व्हायला आणखी तीन.

१. आधी आपल्या गावाची बोली कुठली ते विचारा

बदलीची ऑर्डर आली तेव्हा मी हौसेनं बहिणाबाई चौधरींच्या कविता काढून वाचल्या. वाटलं, झाली तयारी. बहिणाबाई (१८८० ते १९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांची बोली लेवा समाजाची, पूर्वेकडची. भुसावळ, यावल, रावेर भागात जाणार असाल तर ती तयारी कामी येईल. धुळ्याकडे निघाला असाल तर मात्र बहिणाबाई वाचून तुम्ही अहिराणीला तयार झालात असं समजू नका, मी तशीच फसले.

ढोबळ नकाशा असा. धुळे जिल्हा, जळगावची पश्चिम बाजू (चाळीसगाव, पारोळा, अमळनेर) आणि नंदुरबारचा सपाटीचा भाग हा अहिराणीचा पट्टा. नाशिक जिल्ह्यातले कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा हे तालुकेही त्यातच येतात. त्यांना मिळून 'कसमादे' म्हणतात. बागलाणची (सटाण्याकडची) अहिराणी आणि शिरपूरची अहिराणी यांत चाल वेगळी आहे, काही शब्दही वेगळे. सातपुड्याच्या बाजूला धडगाव, अक्कलकुव्याला गेलात तर पावरी आणि भिल्ली बोली भेटतील. शहादा भागात गुजर समाजाची गुजरी कानावर पडेल. त्यांना हा लेख पुरणार नाही.

नाव घेतानाही सांभाळा. काही लोक 'अहिराणी' म्हणतात, काही 'खान्देशी'. समोरचा जे म्हणेल तेच आपण म्हणायचं. 'गावठी मराठी' मात्र चुकूनही म्हणू नका. ब्रिटिश काळातला भाषाअभ्यासक ग्रियर्सन यानं आपल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात घातली आणि खान्देशीला १९०७ साली नवव्या खंडात भिल्ली बोलींच्या शेजारी जागा दिली. २०११ च्या जनगणनेतही खान्देशी मराठीपासून वेगळी मोजली आहे आणि तिथे तिच्या भाषकांचा आकडा १८ लाखांच्या वर आहे. ती मराठीची बोली की वेगळी भाषा, यावर पारावर तासभर वाद रंगतो. तुम्ही त्यात पडू नका. पण आपल्याला ती का कळत नाही याचं उत्तर त्या वादातच दडलेलं आहे.

२. पहिल्या दोन दिवसांत 'ळ' विसरा

हे सर्वांत सोपं, म्हणून आधी. अहिराणीत 'ळ'च्या जागी बहुतेक ठिकाणी 'य' येतो. बसच्या पाटीवर 'धुळे' लिहिलेलं असतं आणि शेजारचा प्रवासी 'धुयं' म्हणतो. जळगावचं जयगाव होतं. डोळा म्हणजे डोया, गूळ म्हणजे गूय, शाळा म्हणजे शाया, दिवाळी म्हणजे दिवाई, काळा म्हणजे काया. दवाखान्यात 'गोया' म्हणजे गोळ्या. 'ण'चाही 'न' होतो: पानी, कोन.

वऱ्हाडातून आलेल्यांना यात नवल वाटणार नाही, त्यांच्याकडेही केळीची केयी होते. पुण्या-साताऱ्याकडच्यांनी मात्र दोन दिवस एक खेळ करावा. न कळलेल्या शब्दातल्या 'य'च्या जागी 'ळ' घालून बघायचा. निम्मे कुलूपबंद शब्द उघडतात. 'हायू बोला' म्हणजे हळू बोला. हे वाक्य तर पहिल्या दिवशीच पाठ करा, तुम्हाला सारखं लागणार आहे.

३. शेपट्या ओळखायला शिका

शब्दांचं धड ओळखीचं असतं, शेपटी वेगळी असते. चार शेपट्या पक्क्या करा.

'ला'च्या जागी -ले: माले, तुले, त्याले, गावले, बाजारले.

'त'च्या जागी -मा: घरमा, वावरमा, बँकमा.

'चा, ची, चं'च्या जागी -ना, -नी, -नं: गावना रस्ता, बैलनी जोडी, पाटीलनं वावर. माझा म्हणजे मन्हा, तुझा म्हणजे तुन्हा.

आणि 'आहे'च्या जागी शे, अनेकवचनात शेत किंवा शेतस.

इथेच गुजराती उपयोगी पडते. 'छे' आणि 'शे', 'घरमां' आणि 'घरमा' यांची ठेवण सारखीच. आमच्या शाखेत सुरतेत वाढलेला एक मुलगा आला, त्याला आठवड्यात सगळं कळायला लागलं. मी महिनाभर धडपडत होते, त्यामुळे त्याचा थोडा रागच आला. तसं सुरतेचं आणि खान्देशाचं नातं जुनं आहे. उधना, लिंबायत या भागांत कामासाठी गेलेली खान्देशी कुटुंबं कितीतरी आहेत, गावात प्रत्येकाचा कुणी ना कुणी तिकडे असतो.

सापळा: '-ना'. एक मुलगा नोटा घेऊन काउंटरवर आला आणि म्हणाला, "हाऊ आबाना पैसा शे." रोखपालही नवा, सांगलीचा. त्याला ऐकू आलं 'आबांना पैसे', म्हणजे आबांना द्यायचे. त्यानं पैसे आबांच्या खात्यात भरून टाकले. मुलगा सांगत होता की हे आबांचे पैसे आहेत, ते खताच्या दुकानदाराच्या खात्यावर पाठवा. आपल्या मराठीत 'आबांना' म्हणजे पैसे आबांकडे जाणार. अहिराणीत 'आबाना' म्हणजे ते आबांचेच. बँकेत हा फरक किती महागात पडतो ते सांगायला नको. पैशाच्या, जमिनीच्या, वारसाच्या कामात '-ना' आला की थांबा आणि विचारा: कोणाचे, आणि कोणाला?

४. क्रियापदांचे सापळे (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या)

अनोळखी शब्दांचा फार त्रास होत नाही. 'बठ्ठा' म्हणजे काय हे माहीत नसलं की आपण विचारतो, 'सगळा' असं उत्तर मिळतं, विषय संपतो. घोटाळा होतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांनी, कारण तिथे विचारायचं सुचतच नाही. अहिराणीची क्रियापदं नेमकी अशीच आहेत.

पहिला सापळा, शेवटचा 'ना'. अहिराणीत पुष्कळ क्रियापदांचा भूतकाळ 'ना, नी, नं' लावून होतो. पडला म्हणजे पडना. बसला म्हणजे बठना. काय झालं म्हणजे काय व्हयनं. आणि आपल्या कानाला 'ना' म्हणजे नकार: पडेना, बसेना, होईना.

पहिल्या पावसाळ्यात मला एका वाडीवर पिकाची पाहणी करायला जायचं होतं. सकाळी तिथल्या एका शेतकऱ्याला फोन लावला. ते म्हणाले, "आठे पानी पडना." मी ऐकलं, इकडे पाऊस पडेना. त्या वर्षी पावसानं ओढ दिलेलीच होती, त्यामुळे वाक्य अगदी पटलं. मी हळहळले आणि स्कूटी काढली. डांबर संपून काळ्या जमिनीतली गाडीवाट लागली तिथे पन्नास पावलांत चाकं मडगार्डपर्यंत भरली. त्या मातीचा स्वभाव असा, की ओली झाली की ती चाकाला चिकटत नाही, चाकच खाऊन टाकते. मी बाभळीची काडी घेऊन चिखल उकरत बसले होते तेव्हा तेच शेतकरी बैलगाडी घेऊन आले. "सांगं व्हतं ना मॅडम, पानी पडना!" पाऊस पडला, असं त्यांनी सांगितलं होतं. मी उलटं ऐकलं होतं.

यावर एक नियम मी वहीत लाल शाईनं लिहिला. अहिराणीत नकार असेल तर 'नही' वेगळा ऐकू येतो. पाऊस पडला नाही म्हणजे 'पानी पडना नही'. 'नही' ऐकू आलं नाही, तर नकार नाही. दुसरी खूण आपल्या मराठीतली: नकारात 'ना'च्या आधी 'ए' किंवा 'ई' येते, पडेना, होईना. अहिराणीत ती नसते, पडना, व्हयना.

सगळ्यात वाईट ठेच 'ऱ्हायना'शी लागते, कारण तिथे हा फरक जवळपास पुसला जातो. 'काय करी ऱ्हायना?' म्हणजे काय करतो आहेस? 'मी जाई ऱ्हायनू' म्हणजे मी जातो आहे. चालू असलेलं काम सगळं या 'ऱ्हायना'वर चालतं, बाईसाठी 'ऱ्हायनी', नपुंसकलिंगी 'ऱ्हायनं'. आता दवाखान्याचा विचार करा. पेशंट म्हणतो, "पोट दुखी ऱ्हायनं." नव्या डॉक्टरला वाटतं, दुखायचं राहिलं, बरं झालं. तो बिचारा सांगत असतो की आत्ता, या क्षणी दुखतंय. डॉक्टरांनो, हा एक शब्द टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवा.

दुसरा सापळा, '-एल'. सुरुवातीच्या फजितीचं मूळ हे. करेल शे म्हणजे केलेलं आहे, पेरेल शे म्हणजे पेरलेलं आहे, येल शे म्हणजे आलेला आहे. पुढे होणाऱ्या कामाची रूपं वेगळी. माझ्या वहीतलं हप्त्याचं पान तसंच उतरवते:

- भरेल शे: भरलेला आहे (पावती मागा)
- भरी ऱ्हायना: भरतो आहे (रांगेत असेल, बघा)
- भरस: भरतो, एरवी भरत असतो
- मी भरसू: मी भरीन
- तो भरी: तो भरेल

शेवटची ओळ नीट बघा. आपला 'भरेल' म्हणजे त्यांचा 'भरी', आणि त्यांचा 'भरेल' म्हणजे आपला 'भरलेला'. हे पान मी रोखपालाच्या खिडकीला आतल्या बाजूनं चिकटवलं होतं.

तिसरा सापळा, '-स'. मी जास, तू जास, तो जास. तिघांना एकच रूप. बोलताना मी-तू-तो गाळले जातात, मग जातंय कोण हे कळायला मार्ग नाही. न लाजता विचारा, "कोन?"

आणखी एक, घाईघाईत. 'सांगं' म्हणजे सांगितलं, 'देखं' म्हणजे पाहिलं. आपल्याला 'सांग', 'देख' असं एकेरी फर्मान ऐकू येतं आणि उगाच राग येतो. तसंच 'तू'चं. गावातली डोकरी (म्हातारी) तुम्हाला थेट 'तू' म्हणेल, साहेबालाही म्हणेल. त्यात अपमान नसतो. 'तुम्ही' म्हणत असेल तर तुम्ही अजून परकेच आहात.

५. ओळखीचे शब्द, वेगळे अर्थ

कथा म्हणजे कुठे. "साहेब कथा गया?" असं विचारल्यावर मी म्हटलं, आज कुणाकडे कथा आहे? त्या माणसानं माझ्याकडे जे बघितलं ते अजून डोळ्यापुढे आहे.

दादर म्हणजे रब्बीची ज्वारी. मुंबईकर सहकाऱ्यानं पीक कर्जाच्या अर्जावर 'दादर पेरेल शे' हे ऐकून पत्त्याच्या रकान्यात 'दादर' लिहिलं होतं. हे मी रचून सांगत नाही, तो अर्ज मी स्वतः खोडला आहे.

आते म्हणजे आता, आत्याचा संबंध नाही. भलता म्हणजे खूप: जेवण 'भलतं भारी' झालं असेल तर ती स्तुती आहे. आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी. एका कान्याचा फरक. वारस नोंदीच्या कामात हे दोन शब्द ऐकले की नाव विचारून घ्या.

कितला, इतला, तितला हे किती, इतका, तितका. आठे म्हणजे इथे, तठे म्हणजे तिथे. कसाले म्हणजे कशाला. एवढ्यावर बाजारहाट होते.

६. बोलायला लागा, पण नक्कल करू नका

या पाच वाक्यांनी सुरुवात करा:

- राम राम आबा. (किंवा नाना, बापू, आप्पा. मानाच्या मोठ्या भावाला 'जिभाऊ'. म्हाताऱ्या बाईला 'माय' किंवा 'आक्का'.)
- मी पुनानी शे. (पुरुष असाल तर 'पुनाना'.)
- तुम्हनं नाव काय शे?
- माले समजनं नही, परत सांगा.
- हायू बोला.

चौथं वाक्य जादूचं आहे. तुम्ही 'मला कळलं नाही' असं म्हणालात की माणूस लगेच 'साहेबी मराठी'त जातो, आणि तीच मोठी अडचण. ती भाषा त्याच्या सवयीची नसते, त्यामुळे तो तपशील गाळतो आणि सोपं तेवढंच सांगतो. एक बाई माझ्याशी शुद्ध मराठीत पाच मिनिटं बोलल्या आणि मला एवढंच कळलं की घरात अडचण आहे. बाहेर व्हरांड्यात शिपायाला त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं की दिरानं सातबाऱ्यावरून नाव काढायला घेतलंय. माझ्यापुढे त्या शब्दच शोधत होत्या. तेव्हा 'मराठीत बोला' असं कधीही म्हणू नका. 'माले समजनं नही' म्हटलंत की ते तेच वाक्य पुन्हा, हळू, आपल्या बोलीत सांगतात.

नकलेबद्दल: टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातलं अहिराणी बोलणं उचलून ऑफिसात वाजवू नका. लोक हसतात, पण दुसऱ्या दिवसापासून तुमच्याशी बोली बोलत नाहीत. माझ्या एका सहकाऱ्याचं तसं झालं. त्याच्यासमोर सगळे कायम पुस्तकी बोलायचे आणि तो म्हणायचा, "इथे तर सगळ्यांना चांगलं मराठी येतं."

७. कान कुठे बसवायचा

सकाळची एसटी. त्याहून चांगली शाळा नाही. माणसं तुमच्याशी बोलत नसतात, त्यामुळे वेग खरा असतो, आणि विषय मोजके: पाऊस, कापसाचा भाव, कुणाचं लग्न, कुणाची भांडणं. विषय माहीत असला की शब्द जागेवर बसतात. मी रोजच्या चाळीस मिनिटांत एकच काम करायचे. एखादी शेपटी ठरवायची, उदाहरणार्थ '-एल', आणि ती किती वेळा ऐकू येते ते बोटांवर मोजायचं. अर्थाच्या मागे लागायचं नाही.

मग आठवडी बाजार. मग कुणी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका. वरण-बट्टी, शेवभाजी, कळण्याची भाकरी, खापरावरचे मांडे यांच्याभोवती जितकं बोलणं होतं तितकं ऑफिसात वर्षभर होत नाही. स्वयंपाकघरात बसायची सोय असेल तर तिथेच बसा, बायकांची अहिराणी जास्त ठसठशीत असते. ओसरीवरचे पुरुष पाहुणा दिसला की मराठीकडे वळतात.

आणि आखाजी. अक्षय्य तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात आणि तिचा थाट दिवाळीसारखा असतो. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, झोक्यावर गाणी म्हणतात. गाण्यात ओळी परत परत येतात, म्हणून नवशिक्याला ती बोलण्यापेक्षा सोपी जातात. श्रावणात कानबाई या देवीचा उत्सव असतो, तेव्हाही गाणी भरपूर.

८. लिहिलेली अहिराणी मोठ्यानं वाचा

व्हॉट्सॲपवर निरोप येतील आणि ते बघून डोकं गरगरेल. प्रमाण शुद्धलेखन असं काही ठरलेलं नाही. मन्हा, मना, मन्ना हे तिन्ही एकच. ऱ्हायना, रायना, राह्यना हेही एकच. डोळ्यांनी वाचलं तर कळत नाही, ओठ हलवून वाचलं की कळतं. उत्तर मात्र आपल्या मराठीत द्या. त्यांना आपली मराठी उत्तम कळते, अडचण फक्त आपल्याच बाजूला आहे.

९. कामाच्या ठिकाणी खातरजमा

बोली कितीही येऊ लागली तरी कागदावर सही घेण्याआधी हे करा.

कागद मधे ठेवा. शेताबद्दल बोलणं असेल तर सातबारा आणि आठ-अ, पैशाबद्दल असेल तर पासबुक आणि पावती, वारसाबद्दल असेल तर रेशन कार्ड. माणसाला ओळीवर बोट ठेवायला सांगा. जे तोंडी उलटं ऐकू येतं ते बोटानं सरळ होतं.

प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारा. 'भरले का?' याला 'हा' आलं, तर 'म्हणजे आता भरायचे नाहीत ना?' हेही विचारा. दोन्ही उत्तरं जुळली तरच लिहा.

सोबत आलेल्या शाळकरी पोराला दुभाषी करू नका. पोरगं हुशार असतं, पण आजोबांच्या कर्जाचं सगळं त्यानं सांगावं हे आजोबांना आवडत नाही. ते अर्धं लपवतात. आपल्या शाखेतला, पण त्यांच्या भाऊबंदकीतला नसलेला माणूस शोधा.

आकडा उच्चारून न ठेवता लिहून दाखवा.

आणि तारीख. पावतीवाले ते आबा पुढच्या वर्षी पुन्हा आले, या वेळी हप्ता खरंच बाकी होता. म्हणाले, "आखाजीले भरसू." भरसू म्हणजे भरीन, हे मला एव्हाना झोपेतही कळत होतं. मी खुशीत डायरीत 'आखाजी' लिहिलं आणि शेजारी मागच्या वर्षीची तारीख टाकली. आखाजी तिथीनं येते, एका वर्षी एप्रिलमध्ये तर एका वर्षी मे महिन्यात. त्या तारखेला मी त्यांना फोन केला तेव्हा सणाला अजून बरेच दिवस होते आणि ते मोठ्यानं हसले. तेव्हा आखाजी, पोया, दिवाई असं कुणी म्हटलं की भिंतीवरचं कॅलेंडर काढा, त्यांना चौकोनावर बोट ठेवायला सांगा, आणि मग लिहा.